पेटीवरचा बिहाग: सोपा दिसतो म्हणून

पेटी शिकणाऱ्याला बिहाग लवकर भुरळ घालतो. शृंगाराचा राग, कानाला चटकन गोड लागणारा. पांढरी एकला सा धरला तर जवळजवळ सगळा राग पांढऱ्या पट्ट्यांवर वाजतो, एक तीव्र मध्यम तेवढा काळी तीनवर. त्यामुळे ‘हा सोपा राग’ हा पहिला गैरसमज पट्ट्या बघूनच होतो.

पण त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर बिलावलही वाजतो. बिहाग वेगळा होतो तो रिषभ आणि धैवताच्या चालीमुळे. आरोहात दोन्ही वर्ज्य: मंद्र नी, सा, ग, म, प, नी, तार सा. अवरोहात दोन्ही येतात, पण थांबत नाहीत. नीवरून पवर येताना धैवताला निसटता स्पर्श, गवरून सावर येताना रिषभाला तसाच. धैवतावर जरा रेंगाळलात की बिहाग हातचा गेला. अलंकार वाजवून बोटांना ओळीनं जायची सवय लागलेली असते, म्हणून ग-म-पनंतर धैवत आपसूक दाबला जातो. सुरुवातीची खरी मेहनत ते बोट आवरण्याचीच आहे.

‘तीव्र मध्यम भरपूर घ्यावा, त्यानंच शृंगार खुलतो’ असंही सांगितलं जातं. मुख्य मध्यम शुद्धच. भातखंड्यांनी बिहाग बिलावल थाटात मांडला आहे. तीव्र मध्यम आज सर्रास घेतात आणि तो सुंदरही लागतो, मात्र पंचमाच्या सोबतीनं: प, तीव्र म, प, आणि मग ग म ग. त्याला मोकळं सोडलं तर मारुबिहाग डोकवायला लागतो.

‘पेटीत सूर तयारच असतात, चुकणार कसे?’ इथे मात्र नीट थांबायला हवं. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर तंबोऱ्याशी एकजीव होणारा शुद्ध गंधार सुमारे ३८६ वर येतो. बाजारातल्या बहुतेक पेट्या समान अंतरानं लावलेल्या असतात. त्यांचा गंधार ४०० वर, म्हणजे चढा. निषादही असाच, १०८८ ऐवजी ११००. पंचमाचा फरक जेमतेम दोनाचा, तो कुणाला जाणवत नाही. आता बिहागचा वादी गंधार आणि संवादी निषाद! ज्या स्वरांवर हा राग विसावतो, नेमके तेच पेटीत चढे. तंबोरा लावून गंधार लांबवा, दोन सुरांची थरथर स्पष्ट ऐकू येईल. उपाय आहेत. चांगले कारागीर एक सा ठरवून पेटीला गंधार ट्यूनिंग करून देतात, मात्र मग पट्टी बदलता येत नाही. डॉ. विद्याधर ओकांनी तर २२ श्रुतींची पेटीच तयार केली.

‘पेटीवर मींड निघत नाही, म्हणून राग वाजवूच नये’ हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. १९४० मध्ये रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते सुमारे तीन दशकं. मींड निघत नाही हे खरंच, पट्टी म्हणजे एक ठरलेला सूर. पण गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांनी या मर्यादेतच गाणारी पेटी घडवली. त्यातलं थोडं नवशिक्यालाही जमतं. नीचं बोट उचलायच्या आत धैवताला शिवायचं, धैवत सुटायच्या आत पंचम धरायचा, आणि त्या क्षणी भाता किंचित हलका करायचा. धैवत ऐकू यावा, पण मोजता येऊ नये.

वेळेचं थोडक्यात: राग रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा, म्हणून सकाळी रियाज करू नये असं काही नाही. मैफलीचा संकेत वेगळा, शिकणं वेगळं.

राहिलं ‘एक पद बसवलं की राग आला’. ‘संगीत स्वयंवर’ १९१६ चं, त्यातलं ‘मम आत्मा’ बिहागमधलं. भास्करबुवा बखल्यांच्या चालीतलं हे पद जरूर बसवावं. पण चाल पाठ झाली म्हणून आलाप सुचत नाहीत. पद हातात बसलं की पेटी बाजूला ठेवून मुखडा नुसत्या आकारात गा, गळा कसाही असो. नीवरून खाली येताना आवाज धैवताजवळून किती हळुवार जातो ते ऐका, आणि मग पेटी ओढून बोटांकडून तेवढंच करवून घ्या.