जपानी कालवांची पसरण

कोकणात खडकांना कालवं चिकटलेली आपण पाहतो. त्यांचीच एक मोठी जात मूळची जपानकडची. ती युरोपात कशी पसरली ते पाहू.

हॉलंड देशात लोक खाडीत कालवांची शेती करतात. 1962-63 चा हिवाळा फार कडक पडला. तिथली गावठी कालवं बहुतेक मेली. धंदा बसला. मग 1964 साली जपानी जातीचं बी आणलं. पाणी थंड आहे, ही वाढतील पण त्यांना पिलं होणार नाहीत, अशी समजूत होती.

पण 1975 आणि 1976 साली उन्हाळा तापला. पाणी कोमट झालं आणि कालवांनी अंडी सोडली. मोठी मादी एका वेळी 5 कोटींहून जास्त अंडी सोडते! (गंमत अशी की, बहुतेक कालवं आधी नर असतात, मग मादी होतात.) पिलं 2 ते 4 आठवडे पाण्यावर वाहत जातात. मग दगड, शिंपला, जे टणक सापडेल त्याला कायमची चिकटतात. अशा पिलांना कुंपण कोण घालणार?

जर्मनीतल्या सिल्ट बेटाजवळ 1986 साली यांची शेती सुरू झाली. 1991 साली शेताबाहेर, शिनाण्यांच्या थरावर, पहिलं कालव सापडलं. पुढे थरच्या थर कालवांनी झाकले. कडा अशा धारदार की अनवाणी पाय कापतो.

शिनाणे संपणार, अशी भीती होती. शास्त्रज्ञांनी तपासलं, तर कालवांच्या फटीत शिनाणे जिवंत होते. तिथे खेकड्यांपासून त्यांचा बचाव होतो. मात्र खायला कमी मिळतं, म्हणून ते सावकाश वाढतात.