गॅरेजमध्ये हीटर लावायचाय? किंमत बघण्याआधी जमिनीकडं बघा

डिसेंबर उजाडला की भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावांत रात्री घराबाहेर थांबवत नाही. सगळ्यात आधी गार पडतं ते घराला लागून असलेलं पत्र्याचं शेड, म्हणजे आपलं गॅरेज. पण कामं नेमकी तिथंच असतात. कुणाला मोटारसायकल खोलायची असते, कुणी शिलाई मशीन तिथं मांडलेली असते, कुणाच्या पोराला अभ्यासाला तेवढीच शांत जागा मिळते. मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते. उचलून नेता येणारा हीटर घ्यायचा की भिंतीवर बसवायचा?

थोडक्यात उत्तर असं: गॅरेजमध्ये पेट्रोलची गाडी उभी राहत असेल, तर भिंतीवर उंच बसवलेला इलेक्ट्रिक हीटर. गाडी आणि इंधन तिथं नसेल, तर उचलता येणारा चालेल. आणि कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर बंद जागेत कधीच नाही. आता यामागची कारणं बघू.

जमिनीवर ठेवलेल्या हीटरची अडचण काय?

पेट्रोल थंडीतही उडतं. उणे ४० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही त्याची पेट घेऊ शकेल इतकी वाफ तयार होते, त्यामुळं आपल्याकडची थंडी त्याला काहीच रोखत नाही. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते. गाडीची टाकी गळत असेल किंवा कोपऱ्यातल्या कॅनचं झाकण सैल असेल, तर वास नाकापर्यंत येण्याआधी वाफ फरशीवर साचलेली असू शकते.

आता त्याच फरशीवर लाल झालेल्या रॉडचा हीटर ठेवला तर? म्हणूनच अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत गॅरेजमधलं ठिणगी किंवा ज्योत निर्माण करू शकणारं उपकरण जमिनीपासून किमान १८ इंच, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर वर असावं असं सांगितलंय. भिंतीवरचा हीटर तर याहून बराच उंच बसतो. त्यात आणखी फायदा म्हणजे मांजर, कोंबडी, लहान मूल यांचा धक्का लागून तो पडत नाही.

आपल्याकडच्या शेडमध्ये आणखी एक गोष्ट असते. भाताची पोती, पेंढा, रिकामी बारदानं. यातलं काहीही हीटरच्या समोर किमान तीन फुटांत नको.

किती वॉटचा घ्यायचा?

इथं जाहिराती गोंधळ घालतात. २००० वॉटचा हीटर स्वस्त असो की महाग, तो तेवढीच उष्णता देतो. फरक असतो तो उष्णता कशी पोचते यात.

समजा तुमचं शेड २० बाय १० फुटांचं आहे आणि आत बाहेरच्यापेक्षा १० अंश जास्त गरम ठेवायचंय. नुसत्या पत्र्याच्या छतातूनच १००० वॉटच्या वर उष्णता सतत बाहेर जाते. शटर, भिंती आणि फटी वेगळ्या. म्हणजे २००० वॉटच्या हीटरची निम्म्याहून जास्त ताकद आभाळ तापवण्यात जाते.

म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये हवा तापवण्यापेक्षा माणूस तापवणं शहाणपणाचं. क्वार्ट्झ, हॅलोजन किंवा इन्फ्रारेड रॉडचे हीटर उन्हासारखे काम करतात. समोर जे असेल ते थेट तापतं. फॅनचा ब्लोअर हवा तापवतो, ती फटीतून निघून जाते, शिवाय तो शेडमधली धूळ आणि भुसा आत ओढतो. तेलाचा हीटर, ज्याला रेडिएटरसारख्या पट्ट्या असतात, त्याचा रॉड उघडा नसतो. पण तो सावकाश तापतो, जड असतो आणि जमिनीवरच उभा राहतो. बंदिस्त, स्लॅबच्या खोलीसाठी तो चांगला, पत्र्याच्या शेडसाठी नाही.

छताखाली थर्माकोलची शीट लावून थंडी अडवण्याचा मोह होईल. पण थर्माकोल पटकन पेटतो, हीटरच्या जवळ तो नकोच. त्यापेक्षा शटरखालची फट बंद करा आणि बसायच्या जागेखाली जाड सतरंजी टाका.

वायरिंगचं गणित

२००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. टीव्ही-चार्जरचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, त्यावर तो चालवायचा नाही. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, आणि त्याच्यामागे तेवढ्याच ताकदीची वायर. घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून शेडमध्ये हीटर लावणं हे आगीचं नेहमीचं कारण. पोर्टेबल हीटर घेणारे बहुतेक जण नेमकं हेच करतात. भिंतीवरच्या हीटरला मुळातच वेगळा पॉइंट काढावा लागतो. तो काढताना वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. हीटरवर आयएसआय मार्क बघा. ब्रॅकेट पत्र्याला नाही, विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला ठोका.

गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा हीटर नीट तापत नाही अशी तक्रार ऐकू येते. तो बहुतेकदा हीटरचा दोष नसतो. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं तर २००० वॉटचा हीटर सव्वाबाराशे वॉटच्या आसपासच उष्णता देतो. म्हणून मोठा हीटर घेण्याआधी संध्याकाळी व्होल्टेज मोजून बघा.

बिलाचं म्हणाल, तर १५०० वॉटचा हीटर ३ तास चालला की साडेचार युनिट होतात. हिशेबासाठी युनिटला १० रुपये धरले, तर रोजचे ४५ आणि महिन्याचे १३५० रुपये. तुमचा स्लॅब बघून आकडा बदला.

मग शेगडी का नको? ती तर फुकट पडते

कारण ती जीव घेते. कोळसा किंवा गॅस बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट या वायूला धरून ठेवतं. माणूस गुदमरत नाही, खोकत नाही, त्याला फक्त झोप येते. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज इथंच घात करतो. निखारे फुललेले असतात, धूर संपलेला असतो, पण वायू तयार होतच असतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथं सहलीला गेलेले केरळचे ८ पर्यटक असेच दगावले. त्यात ४ लहान मुलं होती. थंडी म्हणून त्यांनी खोलीत गॅसचा हीटर लावला आणि दारं-खिडक्या बंद करून सगळे झोपले होते.

हाच नियम गाडीच्या इंजिनाला आणि जनरेटरलाही लागू. सकाळी गाडी गरम करायला शटर बंद ठेवून चालू ठेवणं म्हणजे आत तोच वायू सोडणं.

बंद जागेत शेगडी, गॅस किंवा इंजिन चालू असताना एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळ किंवा चक्कर आली, तर सर्दी-ॲसिडिटी समजू नका. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा.

घ्यायला जाण्याआधी एवढं तपासा

पेट्रोलचा कॅन शेडबाहेर गेला का? १६ अँपिअरचा पॉइंट आहे का? हीटर टांगायला पक्की भिंत आहे का? संध्याकाळचं व्होल्टेज किती? पोर्टेबलच घेणार असाल, तर पडल्यावर आपोआप बंद होणारा आहे का?

आणि रात्री आजोबा किंवा राखणीचा माणूस त्या शेडमध्ये झोपत असेल, तर हीटर निवडत बसू नका. त्यांचं अंथरूण घरात घ्या. हीटर कुठलाही असो, तो जागं असणाऱ्या माणसासाठी असतो. शेडमधून निघताना तो बंद करायचा आणि प्लगही काढायचा.