विश्लेषण : नागपूरचे सांडपाणी वैनगंगेत आल्यावर पाण्यात नेमके काय घडते?

सुटीच्या दिवशी अंभोऱ्याच्या केबल-स्टे पुलावर मोबाइल काढून उभे राहणाऱ्यांची गर्दी असते. एका बाजूला नागपूर जिल्हा, दुसऱ्या बाजूला भंडारा आणि मधोमध वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र. चैतन्येश्वराच्या या तीर्थस्थानाची ओळख पाच नद्यांचा संगम अशी आहे. पण या संगमात आणखी एक नदी येते. तिचे नाव फारसे कोणी घेत नाही. ती म्हणजे नागपूरची नाग नदी.

भंडारा जिल्ह्यात ‘नागनदीचे पाणी’ हा शब्द आता तक्रारीचाच शब्द झाला आहे. पाण्याला वास आला, नळाला पिवळसर पाणी आले, मासे मेले की बोट तिकडेच जाते. हा आरोप कितपत खरा आहे? सांडपाणी नदीत मिसळल्यावर पाण्यात काय बदलते? आणि आपल्या घरातील ग्लासाशी त्याचा संबंध काय?

हे पाणी येते कोणत्या मार्गाने?

नाग नदीचा उगम नागपूरच्या पश्चिमेला, वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांमध्ये होतो. शहराच्या मधून वाहताना तिला घराघरांतील सांडपाणी मिळते. पुढे पिवळी नदीही तिच्यात येते. हे सारे पाणी पूर्वेकडे कन्हान नदीत जाते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. त्याच्या खालच्या बाजूला पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण आहे.

२२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या धरणाचे भूमिपूजन झाले. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणणे हे त्याचे उद्दिष्ट. म्हणजे जे पाणी शेतकऱ्यांसाठी अडवले, त्याच साठ्यात एका महानगराचे सांडपाणीही येऊन थांबते.

‘नदी स्वतःच स्वच्छ होते’ हे खरे आहे का?

खरे आहे, पण एका मर्यादेपर्यंत. पाण्यातील सूक्ष्म जिवाणू सांडपाण्यातील मैला, अन्नाचे कण, साबणाचा काही भाग खातात. हे काम करताना ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. माशांनाही हाच ऑक्सिजन लागतो.

पाण्याजवळ ऑक्सिजनचा साठा फार लहान असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाणी जितके गरम, तितका तो कमी. विदर्भाच्या मे महिन्यात काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

आता एक लिटर कच्चे घरगुती सांडपाणी घ्या. ते कुजवण्यासाठी जिवाणूंना साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. २०० चा आकडा धरला तरी एका लिटर सांडपाण्याला सुमारे २७ लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन हवा. मासे जगावेत म्हणून थोडा ऑक्सिजन शिल्लक ठेवायचा असेल, तर त्याहून कितीतरी जास्त पाणी लागेल. वाहत्या नदीत हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो, म्हणून प्रत्यक्षातले गणित इतके सरळ नसते. पण पावसाळ्यात जे पचते ते उन्हाळ्यात का पचत नाही, हे त्यातून समजते. नदीचे पाणी आटते, शहराचे सांडपाणी मात्र आटत नाही.

बातम्यांत येणारा ‘बीओडी’ म्हणजे काय?

बीओडी म्हणजे पाण्यातील घाण कुजवण्यासाठी जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच जैविक प्राणवायूची मागणी. इंजिनीअरिंगला असताना प्रयोगशाळेत आम्ही ही चाचणी केली होती. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकण लावून २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची. आधीचा ऑक्सिजन आणि नंतरचा ऑक्सिजन यांतला फरक म्हणजे बीओडी. नाल्याचे पाणी आणले, तर त्यात आधी भरपूर स्वच्छ पाणी मिसळावे लागे. नाहीतर तीन दिवसांच्या आतच बाटलीतला ऑक्सिजन संपून जाई आणि मोजायला काही उरत नसे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीयोग्य नदीत बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा. ज्या पट्ट्यात बीओडी ३ च्या वर जातो, तो ‘प्रदूषित नदीपट्टा’. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात असे ३११ पट्टे होते. त्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक.

धरणामुळे काय बदलले?

अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासावरून स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये एक सूत्र मांडले. आजही ते अभ्यासक्रमात शिकवले जाते. सांडपाणी मिसळल्यावर नदीतील ऑक्सिजन काही अंतरापर्यंत घसरत जातो, तळ गाठतो आणि मग हळूहळू पुन्हा वाढतो. ही वाढ होण्यासाठी दोन गोष्टी लागतात : वाहण्याचे अंतर आणि खळाळते, उथळ पाणी.

धरणाच्या साठ्यात दोन्ही कमी होतात. पाणी खोल आणि संथ होते. वरचा थर उन्हाने तापतो, तळाशी मात्र हवा पोहोचत नाही. वाहून आलेला मैला तळाला बसतो आणि तिथे ऑक्सिजनशिवाय कुजू लागतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो या प्रक्रियेतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा.

सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे पाणवनस्पतींसाठी खतच. त्यावर हिरवे शेवाळ माजते आणि जलपर्णी, म्हणजेच आपल्याकडची इकॉर्निया, पाण्यावर सतरंजीसारखी पसरते. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते, पण रात्री तोच वापरते. त्यामुळे पहाटे पाण्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. ढिवर बांधवांचे जाळे इकॉर्नियात अडकते ते वेगळेच. खाली मासा कमी आणि वर वेलीचे ओझे, असा दुहेरी फटका बसतो.

संगम तर भंडारा शहराच्या खाली आहे, मग शहराला त्रास का?

हा प्रश्न रास्त आहे. भंडारा शहर अंभोऱ्याच्या वरच्या बाजूला आहे आणि नदी उलटी वाहत नाही. पण धरण भरले की त्याचा फुगवटा थेट भंडारा शहरापर्यंत येतो. एकेकाळी वाहती असलेली नदी तिथे तळ्यासारखी संथ होते. अशा पाण्यात वरून आलेली घाण लवकर पुढे सरकत नाही आणि ऑक्सिजनही कमी मिसळतो.

इथे आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. नदीकाठच्या गावांचे आणि शहरांचे नाले, त्यात भंडाऱ्याचेही आले, त्याच पाण्यात जातात. वाहत्या नदीने जे पूर्वी पोटात घातले, ते थांबलेले पाणी आता आपल्यासमोर ठेवते. सारा दोष नागपूरचा, असे म्हणणे सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही. नागपूरचा वाटा मोठा आहे हे खरेच आहे. आपला लहान आहे म्हणून तो नाहीच, असे होत नाही.

शुद्धीकरण केंद्रात पाणी साफ होत नाही का?

होते. तुरटीने गाळ बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते आणि शेवटी क्लोरीन दिला जातो. अडचण अशी की कच्चे पाणी जितके घाण, तितका क्लोरीन आधी त्या घाणीवरच खर्च होतो. जंतू मारायला कमी उरतो. डोस वाढवला तर क्लोरीन आणि सेंद्रिय घटक यांच्या संयोगातून ट्रायहॅलोमिथेनसारखी संयुगे तयार होतात. ती दीर्घकाळ पोटात जाणे चांगले नाही. म्हणून नदी स्वच्छ ठेवण्याला शुद्धीकरण केंद्र हा पर्याय ठरत नाही. नदी जितकी स्वच्छ, तितके केंद्राचे काम चोख होते.

मग उपाय काय?

पहिला उपाय उगमाशी. नागपूरच्या भांडेवाडीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे आणि शहराचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडी, खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते. हा चांगला नमुना आहे. जे सांडपाणी वीज केंद्रात वापरले गेले, ते नदीत आले नाही. नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. त्याचा खर्च १,९२५ कोटी रुपयांहून अधिक आहे. या प्रकल्पाकडे भंडाऱ्याने ‘नागपूरचे काम’ म्हणून पाहू नये. त्याचा सर्वाधिक लाभ खालच्या बाजूलाच होणार आहे.

दुसरे, प्रक्रियेनंतरच्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस किती उरतात, हे विचारायला हवे. साध्या प्रक्रियेत बीओडी कमी होतो, पण हे दोन्ही बऱ्याच प्रमाणात तसेच पुढे जातात. ते येत राहिले, तर इकॉर्निया दरवर्षी काढावी लागेल आणि दरवर्षी ती पुन्हा येईल. तिसरे, नदीकाठच्या नगरपालिका आणि मोठ्या ग्रामपंचायतींचे नाले अडवून त्यावर प्रक्रिया करणे.

तुम्ही काय करू शकता?

- पाणी खळखळ उकळून प्या. त्याने जंतू मरतात. मात्र नायट्रेट किंवा जड धातू उकळून जात नाहीत.
- तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटीनंतर उकळणे किंवा क्लोरीन हवाच.
- ग्रामपंचायतीत ‘ओटी टेस्ट’ करून घ्या. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. रंगच आला नाही तर टीसीएल पावडर टाकली का, हे विचारा.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे आकडे संकेतस्थळावर देते. त्यात तीन रकाने बघा : विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि फिकल कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू. ग्रामसभेत ‘पाण्याला वास येतो’ असे सांगितले तर ती तक्रार ठरते. ‘बीओडी इतका आला आहे’ असे सांगितले तर त्याचे उत्तर द्यावे लागते.

पुढच्या वेळी अंभोऱ्याच्या पुलावर गेलात, तर फोटो काढून झाल्यावर थोडा वेळ खालच्या पाण्याकडेही बघा. पाण्याचा रंग कसा आहे, वास येतो का, इकॉर्निया किती पसरली आहे. पुलावरून दिसणारे ते पाणी पुढे कोणाच्या तरी शेतात, जाळ्यात आणि पिण्याच्या भांड्यात जाणार असते.