फिरतीवरची पाखरे

फिरतीची नोकरी म्हणजे वनवास, असे आमच्या घराण्यात दोन पिढ्यांपासून मानले जाते. अंथरूण दुसऱ्याचे, चहा स्टेशनवरचा आणि संध्याकाळ तर कोणाचीच नव्हे! मला मात्र ही फिरती अलीकडे गोड वाटू लागली आहे, आणि त्याचे श्रेय निःसंशय पाखरांना आहे.

कामानिमित्त भोपाळला वरचेवर जाणे होते. मुक्काम इंद्रपुरीत, मावसभावाकडे. माझे काम दहाला सुरू होते. पाखरांचे त्याच्या कितीतरी आधी. गच्चीवर उभे राहिले की तांबटाची टुकटुक कानी येते, आणि पिंपळाला फळे धरली असली तर राखी धनेशाची जोडी आपली बोजड चोच सावरीत येऊन बसते. हिवाळ्यात थोडे लवकर उठून मोठा तलाव गाठावा. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला म्हणतात तो हाच. धाकट्या तलावासह 2002 साली त्याची रामसर यादीत नोंद झाली. तेथे चक्रवाक उतरतात, थापट्या बदके चोचीने पाणी गाळीत बसतात, आणि काठच्या शेतांत दैव असेल तर माणसाएवढी उंच सारसाची जोडी दिसते.

आपल्या जुन्या संस्थानांशी या विद्येचा संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1938 च्या सुमारास सालिम अलींनी इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ या मुलखांतील पक्ष्यांची पाहणी केली. त्या काळी शास्त्रज्ञालाही बंदूक बाळगावी लागे. नमुना हाती आल्यावाचून नोंद पक्की मानीत नसत. आता बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. त्याने कोणी मरत नाही, असे मीही समजत होतो.

गेल्या एप्रिलची गोष्ट. काम लवकर आटोपले, म्हणून दुपारीच एका मोकळ्या माळावर गेलो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तेव्हाच ओळखले की अंडी जवळ आहेत. सापडलीही. उघड्या खड्यांत चार, खड्यांसारखीच ठिपकेदार. टिटवी घरटे असे बांधतच नाही. मी पालथा पडून छायाचित्रे घेऊ लागलो. प्रकाश मनासारखा, पार्श्वभूमी मनासारखी. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. दुसरी टिटवी थोड्या अंतरावर उभी होती. तिच्या पोटाची पिसे ओली होती.

ती पाहिली आणि वाचलेले आठवले. भर उन्हाळ्यात ही पाखरे पाण्यात पोट भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड राखतात. म्हणजे ती बिचारी पाणी घेऊन खोळंबली होती, आणि अंडी उन्हात भाजत होती ती माझ्यामुळे! पंचतंत्रातल्या टिटवीने अंड्यांसाठी समुद्राशी वैर धरले होते. माझ्याशी तिने काय धरावे?

मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडता हिंडता मराठीला शब्दांचे केवढे धन दिले! बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. त्यांचीही नोकरी फिरतीचीच. पण ते ऐकायला जात, आणि मी घ्यायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण घेऊन दूरच्या बाभळीआड थांबलो. बराच वेळ काही दिसेना. मग एक टिटवी टुणटुण चालत आली, इकडेतिकडे पाहिले आणि खाली बसली. तेथूनच एक छायाचित्र घेतले. अंड्यांची कालची सारी पुसून टाकली.

रात्री वहिनींना ते दाखवले. चष्मा लावून त्यांनी ते नीट न्याहाळले. सगळा माळ, खडे, वाळलेले गवत.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "ह्यात पाखरू कुठे आहे?"