‘शीतनिद्रा’ ही संज्ञा आणि पाळीव सरड्याची हिवाळी निष्क्रियता

पारिभाषिक शब्द वस्तूचा केवळ निर्देश करून थांबत नाही. ती वस्तू कशी समजावी, याचेही दिग्दर्शन तो करतो. हे दिग्दर्शन सदोष असल्यास त्याचे परिणाम भाषेबाहेरही घडतात. पाळीव सरड्यांच्या हिवाळी निष्क्रियतेस सरसकट लावली जाणारी ‘शीतनिद्रा’ ही संज्ञा याचे बोलके उदाहरण होय.

इंग्रजीतील ‘हायबर्नेशन’ हा शब्द लॅटिन ‘हीबेर्नुस’ म्हणजे ‘हिवाळी’ यापासून आला. संस्कृत ‘हिम’ व ‘हेमन्त’ आणि मराठी ‘हिवाळा’ हे शब्द त्याच भारोपीय कुळातील. मूळ शब्दात ऋतूचा निर्देश आहे, झोपेचा नाही. ‘निद्रा’ ही भर आपल्याकडची. तथापि ‘हायबर्नेशन’ची व्याप्तीही वादातीत राहिली नाही. शृंगी सरड्याचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्बर मेह्यू यांनी 1965 साली सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अवस्थेसाठी ‘ब्रुमेशन’ ही निराळी संज्ञा सुचविली. तिच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘ब्रूमा’चा व्युत्पत्त्यर्थ ‘सर्वांत लहान दिवस’ असा आहे.

या भेदास शारीरिक आधार आहे. शीतनिद्रा घेणारी जमिनीवरील खार सस्तन असल्यामुळे मधूनमधून स्वतःच्या शरीरातच उष्णता निर्माण करून पूर्ववत उबदार होते. सरड्यास ही सोय नाही. त्याच्या शरीराचे तापमान मुख्यतः परिसरावर अवलंबून असते. ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागातील आणि आता अनेक देशांत पाळला जाणारा ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा सरडा हिवाळ्यात अन्न कमी करतो, आडोसा शोधतो व कित्येक आठवडे जवळजवळ निश्चल राहतो. परंतु मध्येच हालचाल करून पाणीही पितो. याच सरड्याच्या नित्याच्या झोपेचे संशोधन फ्रँकफुर्ट येथे झाले. तीत मेंदूच्या दोन अवस्था सुमारे 80 सेकंदांच्या आवर्तनाने आलटून पालटून येतात, असे 2016 साली प्रसिद्ध झाले. रात्रीची झोप आणि ऋतुकालीन निष्क्रियता यांना एकच नाव देणे म्हणूनच भ्रामक ठरते.

‘झोपलेल्यास उठवू नये’ हा संस्कार ‘निद्रा’ या शब्दाबरोबर नकळत येतो. रोगाने ग्लान झालेला, जंतांनी पोखरलेला किंवा पिंजऱ्यातील उष्णता देणारा दिवा बिघडल्याने गारठलेला सरडाही मग ‘झोपला आहे’ असे मानून तसाच सोडला जातो. पचनास उष्णता लागत असल्याने, पोटात अन्न असताना शरीर थंड झाले तर ते अन्न न पचता कुजते. भोजनोत्तर निद्रेची मानवी कल्पना येथे घातकच ठरते. निरोगी सरड्याचे वजन या काळात फारसे घटत नाही. ते झपाट्याने उतरणे, डोळे खोल जाणे, तोंडाशी चिकट स्राव दिसणे ही निद्रेची नव्हे, आजाराची लक्षणे होत. अशा वेळी पशुवैद्यास दाखविणे अगत्याचे असते. निष्क्रियतेच्या आरंभापूर्वीच विष्ठेची तपासणी करून घेणे अधिक श्रेयस्कर.

‘शीतनिष्क्रियता’ हा पर्याय मराठी शास्त्रीय लेखनास अपरिचित नाही. तो अभावात्मक आहे, हा आक्षेप रास्त असला, तरी जे दिसते तेवढेच तो सांगतो व कारणाविषयी मौन पाळतो. सरडा हालत नाही एवढेच ठाऊक असताना तो का हालत नाही, हा प्रश्न ‘निद्रा’ मिटवून टाकते. ‘निष्क्रियता’ तो खुला ठेवते.