पेशीतील स्वभक्षण : साठा आणि प्रवाह

मागील लेखांकात लायसोझोम या आम्लधर्मी पुटिकेची ओळख करून देण्यात आली. पेशीचेच जुने घटक तेथपर्यंत कसे पोहोचतात आणि त्यांपैकी किती मोडले गेले हे संशोधक कसे ठरवतात, हा या लेखांकाचा विषय आहे. पेशीद्रवातील निकामी प्रथिने किंवा तंतुकणिका यांच्याभोवती एक दुहेरी पटल वाढत जाते, त्याच्या कडा जुळल्या की बंद पिशवी तयार होते, ही पिशवी लायसोझोमशी एकरूप होते आणि तेथील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, आतील ऐवज मोडून त्यातील अमिनो आम्ले पेशीला परत देतात. ख्रिस्तियान द द्यूव्ह यांनी १९६३ मध्ये या क्रियेला ‘ऑटोफॅगी’, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. या नावातून विनाशच सूचित होतो, हे काहीसे अन्यायाचे आहे, कारण उपासमारीत पेशी तगते ती याच क्रियेच्या आधारावर.

पिशव्या तयार होताच मोडून जात असल्याने त्यांचा अभ्यास दीर्घकाळ अवघड राहिला. टोकियो विद्यापीठात योशिनोरी ओसुमी यांनी ही अडचण मोठ्या कल्पकतेने सोडवली. यीस्टमध्ये लायसोझोमचे काम रिक्तिका करते. ओसुमी यांनी रिक्तिकेत प्रथिने मोडणारी विकरे नसलेले यीस्ट निवडले, त्याला नायट्रोजनाविना उपाशी ठेवले आणि साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा काही तासांतच रिक्तिका बारीक, गोल, सतत थरथरणाऱ्या कणांनी भरून गेलेली दिसली. ते कण म्हणजे आत येऊन पडलेला, पण मोडला न गेलेला ऐवज होता. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, पुढील वर्षी या क्रियेसाठी आवश्यक अशा १५ जनुकांचा माग लागला आणि २०१६ मध्ये ओसुमी यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मोजमापाचे मर्मही याच प्रयोगात आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींत पिशवीची खूण म्हणून एलसी-३ हे प्रथिन वापरतात. मेदरेणूशी जोडले गेलेले त्याचे रूप पिशवीच्या पटलावर बसते आणि वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत वेगळा पट्टा म्हणून दिसते. परंतु हा पट्टा गडद झाला म्हणजे स्वभक्षण वाढले, असे ठरत नाही. पिठाच्या गिरणीपुढे डब्यांची रांग वाढते ती दळण जास्त आल्यामुळे किंवा गिरणी बंद पडल्यामुळे, आणि नुसते डबे मोजून यांतील कारण सांगता येत नाही. म्हणून संशोधक पेशींच्या एका गटात बॅफिलोमायसिन या द्रव्याने लायसोझोममधील मोडणी काही तास मुद्दाम थांबवतात, दुसरा गट तसाच ठेवतात आणि दोहोंतील एलसी-३च्या फरकावरून प्रवाहाचा, म्हणजे ठरावीक वेळात मोडल्या जाणाऱ्या ऐवजाचा, अंदाज घेतात. दुसऱ्या पद्धतीत एलसी-३ला हिरवे आणि लाल अशी दोन चकाकणारी प्रथिने जोडतात. आम्लात हिरवी चकाकी विझते, लाल टिकते, त्यामुळे पिवळे दिसणारे ठिपके लायसोझोमपर्यंत न पोहोचलेल्या पिशव्यांचे आणि केवळ लाल ठिपके पोहोचलेल्या पिशव्यांचे मानले जातात.

हिवतापावरील क्लोरोक्वीन हे औषध पेशींना दिले असता पिशव्यांची संख्या वाढते, पण त्यांची मोडणी मात्र अडलेली असते. म्हणून केवळ पिशव्या मोजून स्वभक्षण वाढल्याचा निष्कर्ष काढणारा शोधनिबंध वाचकाने अपुराच समजावा.