पाण्यातील हाक

छत्रपती संभाजीनगरातील शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्याच्या परिसरात, सणासुदीच्या दिवशी मोठी गर्दी उसळते. विक्रेत्यांच्या आरोळ्या, गाड्यांचे भोंगे, कोठे एखादा कर्कश ध्वनिक्षेपक! अशा गलबल्यात आईचा हात सुटलेले मूल शोधावयाचे कसे? गर्दीआड दोन हातांवरचेही दिसत नाही. तेथे डोळे काय कामाचे? आई मुलाचे नाव घेऊन हाक मारते. शंभर आवाजांतून आपले नाव तेवढे मुलाच्या कानी पडते आणि ते ओ देते.

समुद्रातील डॉल्फिनांवर असा प्रसंग नित्याचाच असतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यालगत, खाड्यांच्या मुखाशी, पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन राहतात. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येऊन मिळाला म्हणजे तेथील पाणी इतके गढूळ होते की, जवळचेही दिसेनासे होते. डॉल्फिन हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. त्याचे पिल्लू आईच्या दुधावर वाढते. म्हणून मायलेकरांची चुकामूक होणे हे पिल्लाच्या जिवावरचे संकट ठरते.

मात्र जेथे प्रकाश हरतो, तेथे ध्वनी उपयोगी पडतो. इ. स. १८२६ मध्ये कोलाडाँ नावाच्या शास्त्रज्ञाने जिनिव्हाच्या सरोवरात एक प्रयोग केला. दूरच्या होडीवरून पाण्यात बुडविलेल्या घंटेवर टोला पडे आणि त्याच क्षणी तेथे दारूचा भडका उडे. सुमारे साडेतेरा किलोमीटरांवर कोलाडाँ पाण्यात लांब कर्णा सोडून बसला होता. भडका दिसल्यावर नऊ-साडेनऊ सेकंदांतच घंटेचा नाद त्याच्या कानी आला! हवेत ध्वनी दर सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर जातो.

डॉल्फिनांचे आवाज मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे अतिशय जलद टकटक. तिचा प्रतिध्वनी ऐकून समोर खडक आहे की मासा, हे तो ओळखतो. दुसरा प्रकार शीळ. हे आवाज त्याच्या डोक्यावरील श्वासरंध्राखालच्या नासामार्गात उत्पन्न होतात आणि परत आलेला ध्वनी तो मुख्यतः खालच्या जबड्यातील चरबीच्या द्वारे ऐकतो! सन १९६५ मध्ये मेल्बा व डेव्हिड कॉल्डवेल या संशोधक दांपत्याने दाखवून दिले की, बाटलीसारख्या तोंडाच्या डॉल्फिनांत प्रत्येकाची शीळ निराळी असते. पिल्लू लहानपणीच आपली शीळ घडविते आणि एकटे पडले की तीच पुनःपुन्हा घालते.

परंतु ही शीळ म्हणजे खरोखर नाव आहे काय? नुसते ऐकत बसून याचा निर्णय होणार नाही. त्यासाठी आपणच हाक मारून पाहिली पाहिजे, आणि तीही पाण्यात. आपल्या घरातील ध्वनिक्षेपकाचा कागदी पडदा हवा सहज हालवितो. पण पाणी हवेच्या सुमारे आठशेपट घन असते. तेथे कागदाचे काय चालणार! म्हणून पाण्यातील ध्वनिक्षेपकात एका विशिष्ट सिरॅमिक पदार्थाची चकती वापरतात. तिला विजेचा दाब दिला असता ती किंचित फुगते व आक्रसते. ही हालचाल डोळ्यांना दिसणारही नाही इतकी सूक्ष्म असते, पण तिच्यात जोर फार असतो. चकतीवर जलाभेद्य आवरण चढवून ती तारेने होडीखाली सोडतात. गंमत अशी की, उलट बाहेरच्या ध्वनीने चकती दाबली गेली म्हणजे तिच्यात वीज उत्पन्न होते. म्हणजे तोंडाचे काम करणारी हीच वस्तू कानाचेही काम करू शकते.

असे ध्वनिक्षेपक घेऊन स्टेफनी किंग व व्हिन्सेंट जॅनिक हे संशोधक स्कॉटलंडच्या समुद्रात गेले. तेथील डॉल्फिनांच्या शिळा टिपून त्यांनी त्यांच्या कृत्रिम नकला पाण्यात वाजविल्या. सन २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : आपली शीळ ऐकताच डॉल्फिन तीच शीळ घालून ओ देत; परक्यांच्या शिळेला तसे उत्तर देत नसत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेसन ब्रक यांनी ‘बेली’ नावाच्या मादीला तिच्या जुन्या सोबतिणीची शीळ ऐकविली. दोघींची ताटातूट होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरी बेलीने ती शीळ ओळखली! अर्थात यावरून डॉल्फिनांना आपल्यासारखी भाषा आहे, असे म्हणण्याची घाई करू नये. नाव असणे वेगळे आणि वाक्य बोलणे वेगळे.

आता या हाकांच्या मध्येच मनुष्याने उत्पन्न केलेला गोंगाट येतो. जहाजांची आणि यांत्रिक होड्यांची घरघर पाण्यात दूरवर पोहोचते. अशा गोंगाटात डॉल्फिनांच्या शिळा साध्या, कमी वळणांच्या होतात, असे अटलांटिक महासागरात आढळून आले आहे. कोकणात डॉल्फिन दाखविण्यासाठी प्रवाशांच्या होड्या निघतात. त्यांतील नावाड्याने कळपापासून दूर राहून यंत्र बंद केले, तर त्या पाण्यात हाक ऐकू येण्यास तेवढीच मोकळीक मिळते.

जाळ्यांचे संकट निराळेच आहे. नायलॉनच्या बारीक धाग्यावरून प्रतिध्वनी फार क्षीण येतो, त्यामुळे डॉल्फिन जाळ्यात गुरफटतात आणि श्वासासाठी वर येता न आल्याने गुदमरून मरतात. म्हणून काही देशांतील कोळी जाळ्याच्या दोरीला लहानसे ध्वनिक्षेपक बांधतात. ते काही सेकंदांच्या अंतराने आवाज करून सावध करतात. डॉल्फिनांचे लहान आप्त जे पॉर्पॉइज, ते या आवाजाने दूर राहतात. बाटलीतोंडे डॉल्फिन मात्र अधिक धूर्त! आवाज आला की जाळे आले, आणि जाळे आले की मासे आले, हे त्यांतील काही जण शिकतात आणि आवाजाच्या रोखाने जेवावयास येतात.